उभा राहायचा पाय

रविवार, ९ नोव्हेंबर. हॉलमधल्या गाद्या उन्हात टाकल्या. लोणावळ्यात पाऊस संपला तरी ओल जात नाही, त्यामुळे दिवाळी झाली की हे काम एकदा करावंच लागतं. कराटे वर्गाच्या चोवीस गाद्या, दोन लाथा मारायच्या बॅगा आणि कोपऱ्यातलं लोखंडी कपाट. गाद्या आणि बॅगा मुलींनी बाहेर काढल्या. कपाट मी माझ्याकडे ठेवलं. ते ओव्हाळ सरांचं होतं. सर जाऊन चार महिने झाले, तरी कुणी त्याला हात लावला नव्हता. स्टूल ओढून घेतलं आणि खालच्या कप्प्यापासून सुरुवात केली.

सरांनी घरून आणून ठेवलेल्या कॅसेटी सगळ्या गेल्या होत्या. जुन्या व्हिडिओ कॅसेटींच्या खिडकीतून आत पाहिलं तर फितीवर पांढरी बुरशी धरलेली. पुसून काही उपयोग नसतो. तीन पोती भरली. उरल्या दोन वस्तू. एक दोनशेपानी वही, आणि एक मरून रंगाचा सॅटीनचा अर्धा पडदा, वर इलॅस्टिक घातलेला. तो मी चौदाव्या वर्षी शिवला होता. आता मी बंगल्यांचे आणि हॉटेलांचे पडदे शिवते, तोच धंदा आहे. पण कुणी मागितलेला पहिला पडदा हा. टीव्हीला घालायचा होता. टीव्हीची वरची अर्धी काच झाकायला.

हे नीट सांगायचं तर सर कोण ते आधी सांगायला हवं.

वसंत ओव्हाळ मूळचे कुरवंड्याचे, राहायला लोणावळ्यात रेल्वेच्या पलीकडे. नोकरी देहूरोडच्या लष्करी डेपोत, पॅकरची. दिवसभर लाकडी खोकी ठोकायची, संध्याकाळच्या गाडीनं परत यायचं, आणि शाळेच्या हॉलमध्ये आम्हाला लाथा शिकवायच्या. बुटके, काळे, खांद्यांपेक्षा पोटऱ्या मोठ्या. ते स्वतः शिकले ते मणिपूरच्या एका हवालदाराकडून, डेपोच्या मागच्या मैदानात, जेवणाच्या सुट्टीत. दोन वर्षांनी हवालदाराची बदली झाली. पुढचं शिक्षण सरांनी मारामारीच्या परदेशी सिनेमांवर केलं.

रविवारी सकाळी दहाला आम्ही सहा-सात जणी त्यांच्या घरी जमायचो. शालनकाकू, सरांच्या पत्नी, सगळ्यांना कोरा चहा द्यायच्या आणि स्वतः दाराशी तांदूळ निवडत बसायच्या. पिंपरीतला एक दुकानदार सरांना कॅसेटी भरून द्यायचा. एका कॅसेटीत दोन सिनेमे बसावेत म्हणून तो सुरुवातीची आणि शेवटची नावं कापून टाकायचा. त्यामुळे सिनेमाचं नाव काय, त्यात काम करणारे कोण, हे आम्हाला कधीच कळलं नाही. भाषाही कळायची नाही. सरांना त्याचं काही नव्हतं. त्यांनीच माणसांना नावं ठेवली होती.

आणि टीव्हीची वरची अर्धी काच झाकलेली. आधी त्यावर टॉवेल असायचा. तो घसरायचा, आणि नेमका लाथेच्या वेळी काकूंना उठून सरळ करायला लागायचा. म्हणून मला पडदा शिवायला सांगितलं. आवाजही बंद असायचा.

नवी आलेली एखादी मुलगी हमखास म्हणायची, "सर, तोंड दिसत नाही."

"तोंडानं लाथ मारत्यात का?"

"पण हीरो कोण ते कसं कळणार?"

"कळून काय करनार हायस? तोंड बगितलं की आपन फसतो. त्यो ओरडतो, केस उडत्यात, आन आपल्याला वाटतं लय मोटी लाथ मारली. खाली बग. खाली कोन खोटं बोलत न्हाई."

सरांच्या लेखी लाथेला तीन अटी होत्या. लाथ निघाल्यापासून परत येईपर्यंत एकाच तुकड्यात दिसली पाहिजे. मध्ये चित्र तोडलं की ती लाथ बाद, आणि मारणारा 'कात्रीवाला'. मारणारा आणि खाणारा दोघांचे पाय एकाच चौकटीत हवेत. आणि तिसरी अट, जिच्यापुढे पहिल्या दोन काहीच नव्हत्या, ती म्हणजे मारायच्या पायाकडे बघायचंच नाही. जो पाय जमिनीवर आहे त्याच्याकडे बघायचं. टाच उचलली का, अंगठा सरकला का, गुडघा डुगडुगला का. "मारायचा पाय कुनाचाबी वर जातो," सर म्हणायचे. "हुबा ऱ्हायचा पाय ज्याचा, त्यो खरा."

ह्या अटींवर त्यांनी वहीत यादी केली होती. आज ती परत वाचली. एक नंबर, टाचवाला. हा फक्त डाव्या पायानं मारायचा. पाय सरळ कानापर्यंत न्यायचा आणि टाच कोयत्यासारखी खाली आणायचा, आणि त्या सगळ्या वेळात उजवा पाय जमिनीत रोवल्यासारखा. दोन नंबर, चहावाली. हातातलं तबक न सांडता मागच्या माणसाला स्वतःच्या खांद्यावरून लाथ मारणारी बाई. तिच्यापुढे सरांनी कंसात 'तबक खरं, तपासलं' असं लिहिलंय. कसं तपासलं ते देव जाणे. तीन नंबर, सलग्या, जो पाय खाली न टेकवता चार लाथा मारायचा. चार, खोट्या भुवयांचा म्हातारा, ज्याची एक भुवई मारामारीत गळून पायाशी पडली तेव्हा आम्हाला दिसली. ज्याचं चित्र त्या काळी प्रत्येक व्यायामशाळेत लावलेलं असायचं, तो सरांच्या यादीत अकरावा होता. "हात चांगला हाय त्येचा," एवढंच म्हणायचे. "पायात घाई."

टाचवाल्याच्या आमच्याकडे सात कॅसेटी होत्या. सर त्याच्याबद्दल शेजारच्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलायचे. स्वतः उजव्या पायावर उभं राहून डाव्यानं मारायचे ते त्याचंच बघून. मारामारी सोडून बाकीचं काही बघायला त्यांना सवड नसायची. रिमोट माझ्या हातात असायचा आणि सर बोटानं खूण करायचे, "पळव." माणसं जेवायला बसली, पळव. बाई रडतेय, पळव. कुणी नुसतं रस्त्यानं चाललंय, पळव. दीड तासाचा सिनेमा आम्ही वीस मिनिटांत संपवायचो.

ही वरचा अर्धा माणूस झाकायची सवय त्यांना बाहेरही लागली होती. हाताची पट्टी करून भुवयांशी धरायची, पण एवढी खाली की समोरच्याचं फक्त कमरेखालचं दिसावं. बाजारात, स्टेशनवर, कुणाच्या लग्नात. माझी आई एकदा म्हणाली, "तुझ्या सरांना उन्हाचा त्रास होतो का गं? मांडवात बसून पण हात धरतात."

भुशीला एकदा शूटिंग आलं होतं. धरणाच्या पायऱ्यांवर हीरोनं तीन गुंडांना लाथा मारायच्या होत्या. आम्ही सगळ्या सरांबरोबर बघायला गेलो. हीरो सुंदर होता, तेवढंच मला आठवतं. सर हात भुवयांशी धरून बसले आणि थोड्या वेळानं हसायला लागले. फाइटमास्तर चिडून आला.

"ए, हँसता क्यूँ है?"

"हँसता न्हाई साहेब. पाँव देखता."

"क्या देखा पाँव में?"

"इनका नीचे का पाँव डरता है."

फाइटमास्तर बघत राहिला. मग त्यानं हीरोकडे न पाहता त्याच्या बुटांकडे पाहिलं. तळ गुळगुळीत होते आणि पायरीवर शेवाळ होतं. सरांनी बाजूच्या टपरीवाल्याकडून चुलीतली राख मागून आणली, पायरीवर पसरली, पायानं घासली आणि बाजूला झाले. पुढची लाथ बरी गेली. युनिटनं सरांना वडापाव दिला आणि एक लाथ मारून दाखव म्हणाले. सर म्हणाले, ओल्या दगडावर लाथ मारत नाहीत. आणि वडापाव आम्हाला वाटून टाकला.

परत येताना मी विचारलं, "सर, मारायची ना एक. सिनेमात आला असता."

"माझं तोंड न्हाई घेनार ते."

"मग पाय तरी आला असता."

ते माझ्या पुढे चालत राहिले. "पाय आला आस्ता," शेवटी म्हणाले. "पर कात्री लावली आस्ती त्येंनी."

माझ्या पट्ट्याच्या परीक्षेचं सांगितलं नाही तर सर पुरते कळायचे नाहीत. मी सोळा वर्षांची होते. पुण्याहून परीक्षक आले होते. माझी लाथ त्यांच्या डोक्याच्या वर गेली आणि त्यांनी टाळी वाजवली. पास. मी पट्टा घेऊन सरांकडे गेले. सरांनी पट्टा हातात घेतला, घडी घातली आणि ह्याच लोखंडी कपाटात ठेवला.

"टाच उचलली तू."

"पण त्यांनी पास केलं."

"त्येंनी वर बगितलं."

सहा महिने मी रोज दात घासताना, दूध तापवताना, पाटा-वरवंट्याशी बसलेल्या आईशी बोलताना उजव्या पायावर उभी राहिले. आईनं सरांना बगळ्याचा मास्तर असं नाव ठेवलं. सहा महिन्यांनी एका मंगळवारी, परीक्षा नाही की काही नाही, वर्ग चालू असताना सरांनी कपाट उघडलं आणि पट्टा माझ्या खांद्यावर टाकून पुढच्या मुलीकडे गेले.

आता त्या पायाचं.

सर निवृत्त झाले, साखर लागली, तरी वर्ग चालू होता. शिकवायचं बरंचसं मी बघत होते. सहा वर्षांपूर्वी एका दुपारी शालनकाकू माझ्या दुकानात आल्या. त्या कधी दुकानात येत नसत. कापडाचा ठोकळा बाजूला सारून बसल्या आणि म्हणाल्या, "मंगल, हे मोजं घालाय लागल्यात."

ज्यांनी सरांना ओळखलं नाही त्यांना ह्यात काय एवढं, असं वाटेल. ह्या माणसाला मी कधी मोज्यात पाहिलं नव्हतं. वर्गात अनवाणी, घरात अनवाणी, कामाला चप्पल.

"कधीपासून?"

"तीन आटवडं झालं. झोपताना बी काढत न्हाईत."

मी मशीन बंद केली आणि तशीच त्यांच्याबरोबर गेले. सर खाटेवर बसले होते. मी म्हटलं, मोजा काढा. ते म्हणाले, थंडी वाजतीय. मी खाली बसून मोजा काढला. उजव्या पायाच्या टाचेत चूक घुसली होती, बारका खिळा, कधी ते त्यांनाच माहीत नाही. पायाला काही जाणवतच नव्हतं. जे जाणवत नव्हतं ते मला वासावरून कळलं. त्यांनी लपवलं होतं कारण तो उजवा होता.

तळेगावच्या डॉक्टरांनी पाहिलं, फोटो काढले, आणि सरळ सांगितलं. पाय काढावा लागेल. आत्ता गुडघ्याखाली काढून भागेल. सोमवारच्या पुढे गेलं तर गुडघा राहणार नाही, आणि त्याच्याही पुढे गेलं तर माणूस राहणार नाही.

सर शांतपणे म्हणाले, "डॉक्टर, दुसरा घ्या."

"कोणता दुसरा?"

"डावा. त्यो मारायचा हाय. ह्यो हुबा ऱ्हायचाय."

डॉक्टरांना वाटलं, ताप डोक्यात गेलाय. मला माहीत होतं की ते पूर्ण शुद्धीवर आहेत. त्यांनी कागदावर सही केली नाही. दुसऱ्या एका कागदावर केली, आपल्या जबाबदारीवर घरी जातो म्हणून, आणि आम्ही त्यांना घरी आणलं. तो बुधवार होता.

बुधवार आणि गुरुवार मी जे जे करायचं ते केलं. कृत्रिम पायाची माहिती काढली. फोनवर चित्रं दाखवली. गुडघा राहिला तर माणूस चालतो, सायकलसुद्धा चालवतो, हे सांगितलं. सर भिंतीकडे तोंड करून ऐकत होते. "भावलीचा पाय," एवढंच म्हणाले. काकूंनी त्यांना हात जोडले. तेव्हा ते म्हणाले, "शालन, मी पोरींना तीस वर्सं काय सांगितलं? त्येच न्हाई ऱ्हायलं तर मी कोन?"  मला उत्तरं सुचतात ती कामाची असतात, असल्या प्रश्नांची नाहीत.

शुक्रवारी सकाळी गेले तर काकू दारातच म्हणाल्या, "आज तू त्येंना काय सांगू नको. पिच्चर लावून दे. तीन दीस भिताडाकडं बगत्यात."

मी पडदा काढला, टीव्हीवर चढवला. टाचवाल्याची एक कॅसेट घातली. आधीच्या पावसाळ्यात व्हिडिओचं यंत्र बिघडलं होतं. चालायचं, मागंही जायचं, पण पुढे पळवायचं बटण दाबलं की फीत गुंडाळून बाहेर यायची. सरांनी खाटेवरूनच बोट हलवलं.

"पळव."

"पळत नाही सर. बटण गेलंय. पळवलं तर कॅसेट खाईल."

"मग आसू दे."

तर त्या दिवशी आम्ही तो सिनेमा पहिल्यांदा पळवल्याशिवाय पाहिला. पडदा घातलेलाच होता, त्यामुळे दिसत होते ते पायच. बाजारातले पाय, टेबलाखालचे पाय, रडणाऱ्या बाईचे पाय. सर कंटाळले असतील असं मला वाटलं, पण ते बघत होते. काकू भाजी चिरत होत्या. मग एका खानावळीचा जिना आला आणि टाचवाला वरून खाली उतरायला लागला. त्याची विजार आम्हाला पाठ होती.

उजवा पाय खालच्या पायरीवर. डावा त्याच्या शेजारी. परत उजवा. परत डावा त्याच्या शेजारी. हात कठड्यावर, घट्ट. एका पायरीवर एकच पाऊल पडतंय असं एकदाही झालं नाही. लहान मूल उतरतं तसा, किंवा माझी आई शेवटच्या वर्षांत उतरायची तसा.

"थांबीव," सर म्हणाले. "मागं घे."

मी मागं घेतलं. तो परत उतरला.

"आजून येकदा."

तिसऱ्या वेळी सर कोपरावर उठून बसले. त्यांनी हात भुवयांशी धरला. टीव्हीला पडदा होता, तरी धरला.

"वाकत न्हाई त्यो," ते म्हणाले. "उजवा गुडगा. वाकतच न्हाई."

 काकूंची विळी थांबली होती.

"दुसरी लाव."

दुसरी कॅसेट लावली. तिच्यात तो घाटावर पाण्यात उतरत होता. तिसरीत घोड्यावरून. प्रत्येक वेळी उजवा आधी, काठीसारखा सरळ, आणि अंगाचा भार सगळा मागच्या डाव्यावर. सात कॅसेटी आणि तीस वर्षं ही पावलं ह्याच घरात होती. आम्ही ती दर रविवारी पळवली होती.

सर परत उशीला टेकले. मग स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले, "म्हून त्यो येकाच पायानं मारायचा. उजवा वाकवता येईना, म्हून त्येच्यावर हुबा ऱ्हायला. आन मी त्येलाच नंबर दिला." थोड्या वेळानं परत, "आन मी म्हनत होतो, बगा कसा रोवल्यावानी हाय."

मी टीव्ही बंद करायला उठले. पाठीमागून त्यांनी विचारलं, "मंगल, गुडग्याच्या खाली म्हनला ना डॉक्टर?"

"सोमवारपर्यंत खाली."

"गुडगा ऱ्हातोय म्हंजी."

"राहतो."

"वाकल?"

"वाकेल."

काकू विळी तशीच टाकून आत गेल्या. मी तळेगावला फोन लावला. शनिवारी दुपारी पाय काढला.

बरे झाल्यावर सर पहिल्यांदा वर्गात यायचे होते, तेव्हा मी त्यांचा पांढरा पोशाख दुकानात आणला. विजारीच्या उजव्या पायाची लांबी जास्त होत होती, कारण नवा पाय बारीक होता आणि कापड पावलात अडकायचं.

"कापू नको," सर म्हणाले. "दुमड."

"दुमडलेलं सुटतं. पडाल."

"मग काप."

मी कापलं, दुहेरी शिलाई घातली. उरलेला तुकडा अजून दुकानात कुठेतरी असेल. खुणेसाठी ठेवला नव्हता, चांगलं कापड होतं म्हणून ठेवला.

त्या दिवसापासून वर्गाची पद्धत बदलली. सर खुर्चीवर बसायचे, हात भुवयांशी, आणि नव्या मुलीला लाथ मारायला सांगायचेच नाहीत. "आदी चालून दाकव." भिंतीपासून भिंतीपर्यंत, मग व्हरांड्याच्या पायऱ्या खाली-वर. महिना महिना नुसतं चालणं. काही पालक कुरकुरले, आम्ही पोरींना चालायला पाठवतो का म्हणून. सर म्हणायचे, "तुमीबी चाला, बगू." दोन-तीन आया खरंच चालल्या. एकीला सरांनी सांगितलं, डाव्या चपलेचा अंगठा बदल, तुझी कंबर त्यानं दुखतीय. ती कंबर दुखत असल्याचं तिनं घरीसुद्धा सांगितलेलं नव्हतं.

आज वही चाळताना पाहिलं, यादीत त्यांनी बदल केलेला नाही. टाचवाला अजून एक नंबरवर आहे. फक्त त्याच्या नावापुढे निळ्या शाईनं, बाकीच्या अक्षरांपेक्षा बरंच अलीकडचं, लिहिलंय, 'चालताना बघितला.'

सरांना शेवटचं चांगलं पाहिलं ते यंदाच्या मे महिन्यात. जुलैत ते गेले, झोपेतच, पण मधले दिवस मी पाहुण्यांच्या बंगल्यांचे पडदे शिवण्यात होते आणि सरांचं येणंही कमी झालं होतं. त्या सकाळी वर्ग सुटला होता. सर व्हरांड्यात खुर्चीवर, नवा पाय पुढे पसरून. मी किल्ल्या घेतल्या आणि पायऱ्या उतरायला लागले. चारच पायऱ्या आहेत.

"मंगल."

"काय सर?"

मी वळून पाहिलं. हात भुवयांशी होता, त्यामुळे त्यांचे डोळे मला दिसले नाहीत.

"उजवा आदी टाकतीयस."

"पायरी ओली आहे, सर."

मे महिना होता. हॉलच्या नळाला तीन दिवस पाणी नव्हतं. पायरी इतकी कोरडी होती की माझ्या चपलेला धूळ लागली होती.

सरांनी हात खाली घेतला. "व्हय," म्हणाले. "ओली हाय. बेतानं जा."

आज पोती भंगारवाल्याला दिली. वही घरी आणली. पडदा धुऊन दोरीवर टाकला. संध्याकाळी मुलींनी गाद्या आत घेतल्या.

सोमवार, १० नोव्हेंबर. सकाळी सहाला वर्ग होता. पंधरा जणी आल्या. रांगेत उभ्या राहिल्यावर मी म्हटलं, "आज आधी मी चालते. हात धरा." त्यांनी हात भुवयांशी धरले. मी भिंतीपासून भिंतीपर्यंत चालले, मग व्हरांड्याच्या चार पायऱ्या उतरले आणि चढून परत आले. 

"सांगा, काय दिसलं?"

रांगेच्या टोकाला श्रावणी उभी होती, चौथीतली, सगळ्यात धाकटी. ती म्हणाली, "ताई, तुम्ही उजवा आधी टाकता. वाकवत नाही."

"आज दिसलं?"

"नाही. उन्हाळ्यापासून. आम्हाला सगळ्यांना माहितीये."

"मग बोलला का नाहीत?"

ती शेजारच्या मुलीकडे बघायला लागली. शेजारचीनं मान हलवल्यावर म्हणाली, "सर म्हणाले होते, कुनी काय बोलू नका. ती सांगंल तवा सांगंल."

मी म्हटलं, बरं. लाथा आज तुम्ही दाखवा, मी बसते. सरांची खुर्ची ओढून घेतली आणि वर्ग संपेपर्यंत पाय बघितले. साडेसातला मुली गेल्या. दुकान उघडायच्या आधी तळेगावला फोन केला. गुरुवार मिळाला.